बांधावरची मगर

(साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या एका घराची मागची पडवी, शनिवारची दुपार. नव्वदी ओलांडलेले जुनियस केपर्स मासे धरायचं जाळं विणत बसलेत. त्यांची लेक वर्नेल उद्याच्या चर्चच्या जेवणासाठी कोळंबी सोलते आहे. पुतणी थिओडोरा इतिहासाची प्राध्यापक, याच मे महिन्यात विद्यापीठातून निवृत्त झालेली. वर्नेलबरोबर कोळंबी सोलता सोलता काकांच्या गळी एकच गोष्ट उतरवायला ती सकाळपासून झटते आहे आणि काका तिला दाद देत नाहीत.)

थिओडोरा : मगर येणार नाही, काका. विषय संपला.

जुनियस : का? तिला आमंत्रण गेलं नाही का?

थिओडोरा : उद्या राजधानीतून माणसं येणार आहेत. समितीच्या अध्यक्षबाई येणार आहेत. प्रार्थना झाली की घरातले वडीलधारे म्हणून तुम्ही चार शब्द बोलायचे. चारच. त्यात मगर नको.

जुनियस : मगर काढली तर माझ्याकडे दोनच शब्द उरतात. ‘बसा’ आणि ‘जेवा’.

वर्नेल : तेवढे पुरेत, डॅडी. लोकांना ऐकायचे असतात ते तेवढेच.

जुनियस : ऐक. पोटची पोर आहे ही. हिच्या बारशाला मी जी गोष्ट सांगितली ती ऐकून पाद्रीबुवा हसता हसता पाण्याच्या टाकीत पडले होते.

वर्नेल : पाद्रीबुवांना आकडी आली होती.

जुनियस : आकडी नंतर आली. आधी हसले. बरं कूटा, मला एकदा नीट सांग, उद्या आहे काय? सकाळपासून तू ‘मजकूर, मजकूर’ करतेयस. मला वाटलं कोणाचं लग्न आहे.

थिओडोरा : खाडीतून जाणाऱ्या बांधाच्या तोंडाशी सरकारी फलक लागणार आहे. ओतीव धातूचा, दोन्ही बाजूंनी अक्षरं असलेला. उद्या मजकूर सगळ्यांसमोर वाचायचा, समितीने सह्या करायच्या, सोमवारी तो ओतायला जाणार. एकदा ओतला की झालं. मी गेल्यावरही तसाच राहील. आणि हे बघा, कूटा नका म्हणू उद्या मला. तिथे माझे दोन विद्यार्थी येताहेत.

जुनियस : मग काय म्हणू? डॉक्टर थिओडोरा? जन्मलीस तेव्हा टोपलीत डोकं आत ओढून पडलेली. हात लावला की आणखी आत. कासवाला आम्ही कूटा म्हणतो, म्हणून तुला कूटा म्हटलं. तुझ्या विद्यापीठाने पदवी दिली पण टोपलीतलं नाव काही काढून घेतलं नाही. वाच पाहू काय लिहिलंयस.

थिओडोरा : ‘यादवी युद्ध संपून गुलामी गेल्यावर, १८६८च्या निवडणुकीत, या बांधावरून मत द्यायला निघालेल्या मुक्त माणसांची वाट अडवली गेली. एका अज्ञात स्त्रीने ती मोकळी केली.’

जुनियस : अज्ञात म्हणजे?

थिओडोरा : जिचं नाव माहीत नाही अशी.

जुनियस : मग तिच्या घरचे तिला काय हाक मारायचे? ‘अज्ञात, पान वाढलंय, ये’?

वर्नेल : डॅडी.

जुनियस : अगं, विचारतोय. चार दशकं ही पोर एका बाईच्या मागे आहे. गावात कोणाचं लग्न ठरत नसलं तरी एवढी धावाधाव कोणी करत नाही. आणि सापडलं काय, तर ‘अज्ञात’?

थिओडोरा : मला तरी हे लिहून आनंद होतोय का? त्या दिवशी मतदानावर लक्ष ठेवायला लष्कराचा एक अधिकारी होता. त्याने वर कळवताना एवढंच लिहिलं की बांध अडवलेला होता, आणि तो एका स्त्रीने मोकळा केला. कोणी अडवला, तिने केलं काय, तिचं नाव काय, काही नाही. माझं सगळं काम त्या एका ओळीतून निघालं. तिच्या जोरावर मी जाडजूड पुस्तक लिहिलं की ज्या बायकांना मत नव्हतं त्याच मतदानाला पाठीचा कणा देत होत्या. लोक ते पुस्तक शिकवतात. आणि त्या पुस्तकातली माझी मुख्य बाई बिननावाची.

वर्नेल : ती तुझ्या त्या मास्तरची गोष्ट सांग ना. चष्मावाल्याची.

थिओडोरा : ती तू शंभरदा ऐकली आहेस.

वर्नेल : सोलायचं अजून टोपलंभर आहे. सांग.

थिओडोरा : पहिल्या वर्षी मार्गदर्शकांना सांगितलं, मला गुलामी संपल्यानंतरच्या मतदानातल्या बायकांवर काम करायचंय. ते चष्मा पुसत म्हणाले, बायकांना तर मतच नव्हतं, मग विषय उरतो कुठे? मी म्हटलं, सर, आमच्याकडे बायकोला विचारल्याशिवाय पुरुष जोडे घालत नाहीत, मत कुठून देणार? ते म्हणाले, याला पुरावा म्हणत नाहीत. मी म्हटलं, आमच्याकडे हे रोजचंच, याला आम्ही बुधवार म्हणतो.

जुनियस : आहे, आहे. रक्त आमचंच आहे.

थिओडोरा : पण तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. त्याच आठवड्यात, सगळ्यांसमोर, मी तुमची मगर सांगितली. मला वाटलं, गावाकडची गोष्ट आहे, मतदानाची आहे, ऐकतील. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून माणूस बघायला आला. आणि सरांनी विचारलं, मिस केपर्स, मगरीचं नाव मतदार यादीत होतं का? पुढची दोन वर्षं मला तिथे ‘मगर’ म्हणत. त्या दिवसापासून मी मगर बंद केली.

जुनियस : अस्सं. म्हणून सुट्टीत आलीस आणि मी गोष्टीला हात घातला की तू भांडी घासायला उठायचीस.

थिओडोरा : हो.

वर्नेल : आणि मी इतकी वर्षं समजत होते, थिओला भांड्यांची आवड आहे. वाढदिवसाला घासण्या दिल्या मी तुला.

थिओडोरा : अजून वापरते.

वर्नेल : एक काम करा. त्यांना आत्ताच सगळी सांगू दे. पोटातून निघून गेली की उद्या पोट रिकामं. नाहीतर प्रार्थनेच्या मधेच शेपूट बाहेर येईल.

थिओडोरा : उद्या बोलणार नाही असं वचन दिलंत तर ऐकते. शेवटपर्यंत. भांड्यांकडे बघणारसुद्धा नाही.

जुनियस : वचन दिलं. वर्नेल, साक्षीला राहा. तर, निवडणुकीचा दिवस. आणि सिपिओ, माझा पणजोबा, खाटेखाली. म्हणे पोटात कळ आली. त्याची बायको बायना दारात उभी. बाई एवढी उंच की घरात शिरताना आधी गुडघे यायचे, मग थोड्या वेळाने बाकीची बाई. तिने खुंटीवरची सिपिओची पँट काढली, स्वतः चढवली आणि म्हणाली, ही पँट आज मत द्यायला जाणार आहे. तू हिच्या आत असलास तर बरं. नसलास तरी ही जाणार.

थिओडोरा : ही ओळ पुस्तकात हवी होती.

जुनियस : मधे बोलू नकोस. निघाली वरात. पुढे पुरुष, मागे बायका, बायकांच्या खांद्यावर फावडी. सिपिओ मागून बायनाचा झगा सावरत पळतोय. आणि सगळ्यात शेवटी मंडेआजोबा. सोमवारी जन्मले म्हणून मंडे. वय किती ते देवालाही बोटं मोजून सांगावं लागेल. डोळे गेलेले, पाय लाकूड झालेले, पण म्हणाले, मला नेलं नाहीत तर मी इथूनच ओरडून मत देईन. दोघांनी हाताची पालखी करून उचललेले. येतात बांधावर, तर काय? मधोमध मगर आडवी पडलेली. तोंड या खाडीत, शेपूट जॉर्जियात.

वर्नेल : गेल्या ईस्टरला शेपूट आपल्याच परगण्यात होतं.

जुनियस : वाढत्या अंगाची होती. तिने जांभई दिली, तर आत एक होडी, होडीत एक माणूस गळ टाकून बसलेला. तो म्हणाला, दार लावा हो, वारा येतो. मगर म्हणाला, इथून पुढे कोणी जायचं नाही. जाईल त्याने रात्रीच्या आत आपलं बोचकं बांधायचं. सगळे थांबले. नुसती चिलटांची घूं घूं. मग बायना पुढे आली. फावडं उभं धरलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. मगर उतरला. मंडेआजोबांना वर बसवलं आणि आजोबा बसून मत द्यायला गेले. मगर पायी घरी गेला. जाता जाता तिने शेपटीचा असा तडाखा दिला की पार बहामा बेटांवर बायकांचे दोरीवरचे कपडे भिजले. संपली. आता उद्या मी ‘बसा’ आणि ‘जेवा’.

वर्नेल : बरं झालं. थिओ, तो दुसरा बाऊल दे. थिओ?

थिओडोरा : काका, मगर ‘ती’ आहे की ‘तो’?

जुनियस : मी काही उचलून बघितलं नाही.

थिओडोरा : तसं नव्हे. तुम्ही ‘आडवी पडलेली’ म्हणालात. ‘जांभई दिली’, तिने. ‘तडाखा दिला’, तिने. मधेच ‘मगर म्हणाला’. ‘मगर उतरला’. ‘पायी घरी गेला’.

वर्नेल : त्यांचं नेहमीच असं असतं. मी लहानपणी दुरुस्त करायचे तर माझ्यावर डाफरायचे.

जुनियस : का डाफरायचो? तिथे ‘तो’च आहे म्हणून. रीना आजी तसंच म्हणायची. बायनाची लेक ती, माझ्या बापाची आई. लग्न होऊन केपर्सांच्या घरात आली. त्या दिवशी बांधावर ती होती, आईचा हात धरून. तिचे शब्द मी बदलत नाही. इकडेतिकडे चार दागिने घातले असतील, पण तिचे शब्द तसेच्या तसे.

थिओडोरा : म्हणजे ‘तो’ आजीचा आणि ‘ती’ तुमची.

जुनियस : तू मला पेपर तपासल्यासारखं का बघतेयस?

थिओडोरा : मी विचारते, तुम्ही नुसतं सांगा, कोणाचं. शेपूट जॉर्जियात?

जुनियस : माझं.

थिओडोरा : होडीतला माणूस?

जुनियस : माझा. दाराचं वाक्य माझ्या भावाचं, देव त्याला सुखात ठेवो.

थिओडोरा : बहामातले कपडे?

जुनियस : अर्थात माझे. रीना आजीला बहामा ठाऊक नव्हतं.

थिओडोरा : पँट?

जुनियस : माझी.

थिओडोरा : पँटसुद्धा? ते तरी खरं असेल असं मला वाटलं होतं.

जुनियस : पँट मी लग्नानंतर घातली. गोष्टीत, म्हणतोय. त्याआधी मला बायका कळल्या नव्हत्या.

वर्नेल : अजूनही काही फार कळल्या नाहीत.

थिओडोरा : फावडं?

जुनियस : आजीचं.

थिओडोरा : ‘जाईल त्याने बोचकं बांधायचं’?

जुनियस : आजीचं. शब्दन्‌ शब्द.

थिओडोरा : ‘मगर उतरला’?

जुनियस : आजीचं.

थिओडोरा : कशावरून?

जुनियस : कशावरून म्हणजे?

थिओडोरा : उतरला म्हणजे कशावरून उतरला? मगर तर जमिनीवरच असते. तिच्या पोटाखाली आणखी उतरायला जागा कुठे आहे?

जुनियस : ओंडक्यावरून असेल.

थिओडोरा : आजी ओंडका म्हणाली?

जुनियस : नाही. ओंडका मी आत्ता घातला.

वर्नेल : आणि एक सांगू? मी शाळेतही जात नव्हते तेव्हा विचारलं होतं, मंडेआजोबा मगरीवर बसून मत द्यायला गेले, तर मगर घरी कसा गेला? एकाच वेळी दोन्हीकडे? तर डॅडी म्हणाले, झोप आता.

थिओडोरा : आजी ‘मगरीवर बसवलं’ म्हणायची का, काका?

जुनियस : ती म्हणायची, ‘वर बसवलं’.

थिओडोरा : नुसतं ‘वर’?

जुनियस : नुसतं ‘वर’. मगरीवर मी समजायचो. दुसरं वर बसायला होतं काय तिथे? थांब. थांब जरा.

थिओडोरा : तो उतरला. म्हातारबाबांना वर बसवलं. आणि तो पायी घरी गेला. मगर कधी पायी घरी गेली असं कोणी सांगतं का, काका? मगर आणखी कशी जाणार? ‘पायी गेला’ आपण कोणाबद्दल म्हणतो?

वर्नेल : जो येताना पायी आला नव्हता त्याच्याबद्दल.

जुनियस : घोडा.

थिओडोरा : हो.

जुनियस : घोड्यावरचा माणूस होता तो. मगर नव्हतीच. माझ्या इतक्या वर्षांच्या मगरीच्या जागी घोड्यावरचा माणूस.

वर्नेल : डॅडी, पाणी देऊ?

जुनियस : हसतोय मी, पोरी, रडत नाहीये. अगं, ती गोष्ट रीना आजी कुठे सांगायची माहीत आहे? दुकानाच्या ओसरीवर. इथली सगळी जमीन ज्यांची होती त्यांच्याच घराण्याचं दुकान. मीठ, तेल, आगपेट्या घ्यायला माणसं थांबलेली असायची, आणि आजी तिथे पायरीवर बसून, भरदिवसा, सगळ्यांदेखत मगर सांगायची. गल्ल्यावरचा म्हातारा पोट धरून हसायचा. मला जवळ बोलावून बोराएवढी गोळी द्यायचा, म्हणायचा, तुझी आजी काय अफलातून बाई आहे. आणि तो घोड्यावरचा माणूस...

थिओडोरा : त्याचा बाप असेल. किंवा आजा.

जुनियस : आणि आजी सांगतेय काय, तर तुझा आजा पायी घरी गेला. त्याच्या तोंडावर. आणि तो हसतोय, आणि मी त्याची गोळी चोखतोय.

वर्नेल : आजी मला आत्ता फारच आवडायला लागली.

थिओडोरा : खरं सांगितलं असतं तर त्या वेळी घर जळलं असतं. म्हणून तिने माणसावर मगर पांघरली. जे बोलायचं ते सगळं बोलली, फक्त प्राणी बदलला. आणि मी? आठ परगण्यांत म्हाताऱ्या माणसांच्या पडवीत बसून आले. प्रत्येकाला म्हटलं, जसं आठवतं तसं सांगा, मी सगळं ऐकते. आणि इथे काय, तर भांडी घासायला उठायचे.

जुनियस : त्यात तुझं काही नाही. मीच तिच्यावर एवढी शेपटं लावली की आतला माणूस कोणालाच दिसेना. मलाही नाही.

थिओडोरा : काका, त्या अधिकाऱ्याच्या कागदात आणखी एक ओळ आहे. बांधाच्या ओळीच्या बऱ्याच खाली, वेगळ्याच विषयात. मला पाठ आहे. दर वर्षी मी ती वर्गात वाचायचे आणि विद्यार्थ्यांना विचारायचे, याचा अर्थ लावा. ‘दुपारी एक अतिवृद्ध मनुष्य उमद्या घोड्यावर बसून मत देण्यास आला. घोडा कोणाचा असे मी विचारताच सगळा जमाव हसू लागला. कारण समजले नाही.’

वर्नेल : आणि विद्यार्थी काय म्हणायचे?

थिओडोरा : काय वाटेल ते. एक म्हणाला, हा ताण सैल झाल्याचा सामुदायिक आविष्कार. त्याला मी चांगले गुण दिले. एकीने त्यावर वीस पानं लिहिली. मी स्वतः पुस्तकात तळटीप दिली आहे, ‘हसण्याचे कारण आज सांगता येत नाही.’

जुनियस : घोडा कोणाचा, म्हणे?

थिओडोरा : घोडा कोणाचा.

जुनियस : मगरीचा, साहेब.

वर्नेल : अरे देवा. त्याला मगर म्हणायचं ते तिथेच, त्याच दिवशी ठरलं. उभ्या उभ्या. कोणीतरी मागून पुटपुटलं असणार, मगरीचा, आणि सगळे फुटले.

थिओडोरा : आणि तो बिचारा वही घेऊन उभा. कारण समजले नाही.

जुनियस : तुलाही समजलं नाही, डॉक्टर. त्याच्यासारखीच वही घेऊन उभी होतीस. नको, नको, पुसू नकोस डोळे, कोळंबीचे हात आहेत, झोंबेल.

वर्नेल : हे घे फडकं. मग आता? फलकावर घाल नाव. बायना. बायना काय? आडनाव काय होतं त्यांचं?

जुनियस : फ्रेझर. बायना फ्रेझर.

थिओडोरा : इतकं सोपं नाही गं. समिती विचारणार, आधार काय. आणि लोक म्हणणार, बाईने जन्मभर शोध घेतला आणि शेवटी स्वतःचीच खापरपणजी काढली.

वर्नेल : मग? दुसऱ्या कोणाची काढली असतीस तर चाललं असतं का? ती कोणाची तरी पणजी असणारच होती.

थिओडोरा : म्हणायला ठीक आहे. पण हेच दुसऱ्या कोणी माझ्यासमोर आणलं असतं तर मी विचारलं असतं, सांगणारा कोण?

जुनियस : सांगणारा मी. या परगण्यातला सगळ्यात मोठा थापाड्या. पोस्टमन मला पत्ता विचारतो तोही दुसऱ्या कोणाला विचारून पडताळतो.

थिओडोरा : म्हणूनच. काका, कागदात जे आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं. तुमच्याकडे जे आहे ते त्या अधिकाऱ्याला माहीत नव्हतं. दोन्ही एकमेकांत बसतात, किल्ली कुलपात बसावी तशी. अध्यक्षबाई चांगल्या आहेत. त्यांनी स्वतः म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणींवर काम केलंय. एकदा नीट ध्वनिमुद्रण ऐकवलं, शब्द कोणाचा आणि दागिना कोणाचा ते दाखवलं, तर उद्याच्या उद्या मजकूर बदलतील. पण गोष्ट सरळ हवी. आजीचे शब्द, आणि मगरीच्या जागी जो होता तो. एकदाच. मी फोन इथे ठेवते.

जुनियस : सरळ?

थिओडोरा : सरळ.

जुनियस : मी आयुष्यात काही सरळ सांगितलेलं नाही. तुझ्या काकूला लग्नाची मागणी घातली तेव्हाही मधे एक देवमासा होता.

वर्नेल : आई तो देवमासा बघूनच हो म्हणाली. प्रयत्न करा, डॅडी.

जुनियस : बरं. सुरू झालं का ते? बरं. निवडणुकीचा दिवस होता. माझी पणजी बायना फ्रेझर दारात उभी होती. एवढी उंच की...

थिओडोरा : काका.

जुनियस : उंच होती. बाईला उंचही असू द्यायचं नाही का? परत लाव. निवडणुकीचा दिवस. पुरुष पुढे, बायका मागे, खांद्यावर फावडी. बांधाच्या मधोमध आडवी पडलेली...

वर्नेल : डॅडी, पडलेली नाही.

जुनियस : जीभ आपोआप वळते गं तिकडे. रस्ता माहीत असलेल्या बैलासारखी.

थिओडोरा : घाई नाही. आणि आत्ता नको असेल तर तसं सांगा. उद्या सकाळी करू.

जुनियस : नको म्हणत नाहीये. विचार करतोय. काय आहे कूटा, मगर होती ना, तोवर मला त्या गोष्टीची कधी भीती वाटली नाही. मगर कितीही मोठी केली तरी हसू येतं. आता तो एवढासा माणूस घोड्यावर बसलेला डोळ्यांसमोर आणला आणि जाळ्याची गाठ सुटली.

वर्नेल : द्या ते इकडे. मी धरते.

जुनियस : आणि रीना आजी त्या वेळी किती, पाच-सहा वर्षांची. आईचा हात धरून. आणि आई तो हात सोडून पुढे गेली.

थिओडोरा : हे आजी म्हणायची? हात सोडून गेली?

जुनियस : म्हणायची. मी ते गाळायचो. तिथे हशा येत नाही.

थिओडोरा : काका, ते ठेवा. बाकी कसंही सांगा, पण ते ठेवा.

जुनियस : ठेवतो. लाव परत. आणि हे बघ, झालं की उद्या मला मगर सांगू दे. जेवणं झाल्यावर. आधी ही, मग ती. राजधानीच्या बाईंनाही कळू दे, लोक का हसले.

थिओडोरा : सांगा. पुढच्या रांगेत मी बसते. भांडी माझे विद्यार्थी घासतील.

वर्नेल : आणि शेपूट?

जुनियस : फ्लोरिडापर्यंत नेणार आहे. गप्प आता दोघी. सुरू आहे ना ते? माझं नाव जुनियस केपर्स. हे मला माझ्या आजीने सांगितलं, रीनाने. तिने ते डोळ्यांनी बघितलं. १८६८ साल. आमची माणसं मत द्यायला निघाली होती. बांधावर एक माणूस घोडा आडवा घालून उभा होता. तो म्हणाला, इथून पुढे कोणी जायचं नाही, जाईल त्याने रात्रीच्या आत बोचकं बांधायचं. सगळे थांबले. मग माझी पणजी, बायना फ्रेझर...

थिओडोरा : हं.

जुनियस : इथे आजी थांबायची. प्रत्येक वेळी. दुकानात नव्हे, घरी सांगायची तेव्हा. आवाज खाली आणायची आणि दाराकडे बघायची. मला वाटायचं, रंगत आणायला करते.

वर्नेल : लावू का दार, डॅडी? समोरचं सताड उघडं आहे, रस्त्यावरून सगळं ऐकू जातं.

जुनियस : नको. राहू दे उघडं.